मोठी कट्टी

सोमवार, ४

सुट्टी संपवून शाळेत गेले तर माझ्या वर्गाची एक भिंत गायब! दोन वर्गांच्या मध्ये लाकडी पार्टिशन होतं, ते काढून टाकलंय. आणि पलीकडच्या फळ्यापाशी खुर्ची टाकून कोण बसलंय? तर आमच्या वहिनीसाहेब.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की पहिलीच्या दोन्ही तुकड्यांत मुलं कमी झाली, म्हणून एकच वर्ग केलाय. सत्र संपेपर्यंत दोघींनी मिळून सांभाळायचा. जिचं मुलांशी चांगलं जमेल ती राहील, दुसरीनं शाळेच्या लांबच्या शाखेत जायचं. तिथे पाचवीच्या खाली वर्गच नाहीत. मी म्हटलं, "इतकी वर्षं इथे घासली, आता माझी परीक्षा घेता?" तर म्हणाल्या, "परीक्षा दोघींचीही आहे."

मला पहिलीच हवी. सहा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचता येतं तेव्हा ते कसं बघतं, ते मला बघायचं असतं. त्याशिवाय या जगात मला फारसं काही आवडत नाही, हे आमचे हेसुद्धा मान्य करतील. हे सगळं ह्यांना सांगायला गेले तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणून ही वही.

वहिनीबद्दल एकदाच लिहिते, परत नाही. ती आधी माझी मैत्रीण. एका बाकावर शिकलो, एकाच शाळेत लागलो. दादाचं आणि तिचं मीच जमवलं, या माझ्या हातांनी. आणि आई गेली त्या दिवशी या बाईनं मला स्वतः कळवलं नाही. शेजारच्या काकांना पाठवलं! ते म्हातारे, गुडघ्यांनी अधू, विचारत विचारत माझ्या घरी येईपर्यंत तिकडे सगळं संपलं होतं. त्याआधी महिनाभर मी तिच्याशी बोलत नव्हते हे खरं, कारण तिनं आईला मला न विचारता खालच्या खोलीत हलवलं होतं. पण तो विषय वेगळा. तेव्हापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही, आणि बोलणारही नाही.

मंगळवार, ५

वर्ग कसला, कुस्तीचा आखाडा! तिची पोरं माझ्या पोरांच्या बाकांवर बसली, माझ्यांनी त्यांची दप्तरं खिडकीतून बाहेर टाकली. एकानं दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. दुपारपर्यंत पालकांचे फोन. मग मोठ्या बाईंचा हुकूम आला, रोजचा पहिला तास 'आपले नियम, आपली मैत्री', दोघी बाईंनी मिळून घ्यायचा. मैत्री! आणि आम्ही दोघींनी!

मी फळ्यावर नियम लिहिले. हात वर करून बोलायचं. पाण्याला रांग लावायची. कुणाला ढकलायचं नाही. आपल्यामुळे कुणाला लागलं तर त्याच्याजवळ जाऊन माफी मागायची. एका गोल गरगरीत पोरानं विचारलं, "का?" हा ढोल. खरं नाव हजेरीत आहे, पण तो बाक बडवतो म्हणून मी त्याला ढोल म्हणते. मी म्हटलं, "मी सांगते म्हणून." पलीकडून ती हसली. मोठ्यानं नाही, पण मला तिचं हसणं लहानपणापासून माहीत आहे, ते नाकातून येतं.

मध्येच रंगीत खडू हवे होते, ते तिच्या टेबलावर. पुढच्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी होती, तिला म्हटलं, "जा, त्या बाईंना म्हणावं, खडू द्या." ती पळत गेली. पलीकडून आवाज आला, "त्यांना म्हणावं, पिवळा सोडून सगळे न्या." पोरगी पळत परत आली आणि जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हुशार आहे. दिवसभरात तिच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. तिला भिंगरी नाव ठेवलं.

शुक्रवार, ८

आज वहिनीसाहेबांनी कहर केला. पोरांना म्हणाल्या, "आज कुठलाच नियम नाही, जा, पाणी प्या." मी डोक्याला हात लावला. सगळा वर्ग एका नळावर तुटून पडला. ढकलाढकली, किंचाळ्या, एकाचा शर्ट फाटला, पाणी गटारात आणि पोरं तहानलेली. मग ही बया ओल्या पोरांना गोल बसवून शांतपणे विचारते, "कुणाकुणाला पाणी मिळालं?" चार हात वर. "का नाही मिळालं?" आणि पोरंच बोलायला लागली, रांग नव्हती म्हणून, दादागिरी केली म्हणून, माझा पाय कुणी तरी तुडवला म्हणून.

मी भिंगरीला पाठवलं, "त्यांना म्हणावं, फाटलेल्या शर्टाचं उत्तर त्याच्या आईला तुम्ही द्या." उत्तर आलं, "त्यांना म्हणावं, दिलंय." सुटायच्या वेळी पोरांनी आपली आपण रांग लावली. अर्थात, आठवडाभर मी घसा फोडून रांग शिकवली होती, ती आता फळाला आली. पण श्रेय कुणाला जाणार? मोठ्या बाई नेमक्या तेव्हाच व्हरांड्यातून गेल्या.

बुधवार, १३

आज तिनं मोज्यांचे ससे आणले होते. एक पांढरा, एक करडा. दोन्ही हातांत मोजे घालून नाटक. सशांचं गाजरावरून भांडण होतं, करडा रुसतो, मग पांढरा त्याच्या बिळापाशी जाऊन म्हणतो, "माझं चुकलं, चल खेळू." माझ्या बाजूची पोरंसुद्धा तोंडं उघडी टाकून बघत होती, गद्दार!

मग शिट्टीनं हात वर केला. हा ढोलचा जीवश्च कंठश्च मित्र. पुढचे दात पडलेत, बोलला की शिट्टी वाजते. तो म्हणाला, "बाई, ससा स्वतः का गेला? त्यानं कुणाला पाठवलं का नाही?"

वहिनीच्या हातातला ससा हवेतच राहिला. "त्याला... त्याला कुणी नव्हतं पाठवायला," असं काहीतरी पुटपुटली आणि तास गुंडाळला. मला इतकं बरं वाटलं! लहान मुलांचा साधा प्रश्न, त्याचं उत्तर देता येत नाही आणि म्हणे मैत्री शिकवणार. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरगं बरोबर विचारत होतं." मी म्हटलं तेच तर सांगतेय ना!

सोमवार, १८

आज दिवस माझा. मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मारामारी बंद, चावाचावी बंद. "काय जादू केलीत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जादू कसली, नियम. एकदा अंगवळणी पडले की पडले."

एक उदाहरण त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. शिट्टीनं ढोलचं नवं खोडरबर दातांनी कुरतडलं. दोन आठवड्यांपूर्वी ढोलनं त्याला बदडून काढलं असतं. आज काय केलं? तोंड फिरवलं, भिंगरीला बोलावलं आणि म्हणाला, "त्याला म्हणावं, मी बोलत नाही." भिंगरी गेली, सांगून आली. शिट्टीचं उत्तर घेऊन परत आली. हात नाही उचलला, आवाज नाही चढवला. मी दोघांच्याही वहीवर चांदणी काढली.

मधल्या सुट्टीत ढोलला सहज विचारलं, "काय रे, कट्टी का?" तो म्हणाला, "हो. मोठी."

"मोठी म्हणजे?"

"छोटी कट्टी डबा खाईपर्यंत असते, बाई. मग बट्टी होते. मोठीत आपण नसतं बोलायचं, भिंगरीला पाठवायचं. ती संपत नसते."

"असलं कुणी शिकवलं तुला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पलीकडे तिच्याकडे बघितलं, आणि पळाला. बरोबर आहे. मला वाटलंच होतं की हे खूळ पलीकडच्या तुकडीतून आलंय.

गुरुवार, २१

भिंगरीची आई भेटायला आली. दवाखान्यात नर्स आहे, पाळीवरून तशीच आलेली, डोळे तारवटलेले. म्हणाली, "बाई, ही डबा तसाच परत आणते. विचारलं तर म्हणते वेळ नाही. सहा वर्षांच्या पोरीला कसला वेळ नाही?" मी म्हटलं, ती सगळ्या वर्गाची लाडकी आहे, सगळे तिलाच हाका मारतात. आईनं विचारलं, "तिची मैत्रीण कोण आहे?" मी म्हटलं, "सगळेच की." ती म्हणाली, "सगळ्यांचं तिच्याकडे काम असतं, बाई. मी मैत्रीण विचारली. झोपेतसुद्धा 'त्यांना म्हणावं, त्यांना म्हणावं' करत असते."

आजकालचे पालक फार नाजूक झालेत. तरी मी वर्गात लक्ष ठेवून बघितलं. भिंगरीला बाकावर टेकायला मिळत नाही हे खरं आहे. निम्मा वर्ग निम्म्या वर्गाशी बोलत नाही, आणि ही सगळ्यांची ने-आण करते. खेळात मात्र तिला कुणी घेत नाही, कारण ती नक्की कुणाच्या बाजूची हे कुणालाच माहीत नाही.

शेवटच्या तासाला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, त्या म्हणाल्या, मुलांचं हे थांबवायला हवं, आपण दोघींनी बोलायला हवं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं हिनं सुरू करायचं आणि शहाणपणा मला शिकवायचा! म्हटलं, "त्यांना म्हणावं, आधी स्वतः थांबवा." पोरगी गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "त्या काही नाही म्हणाल्या, बाई." मग तिथेच उभी राहिली, पुढचा निरोप असेल म्हणून.

मंगळवार, २६

आज अक्षर वेडंवाकडं येणार.

आज भिंगरी आली नव्हती. ताप आहे. मधल्या सुट्टीनंतर हजेरी घेताना शिट्टी दिसला नाही. मला वाटलं, पलीकडे तिच्या बाजूला बसला असेल, मधल्या कपाटामुळे तिकडचं नीट दिसत नाही. विचारायला भिंगरी नव्हती. मी गणित सुरू केलं.

तास संपत आला तेव्हा शिपाईमामा धावत आले. खेळाच्या सामानाच्या खोलीतून रडण्याचा आवाज येत होता. शिट्टी सुट्टीत चेंडू आणायला आत गेला, वाऱ्यानं दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला. मग तो खिडकीशी पोचायला मोडक्या बाकांच्या ढिगावर चढला आणि ढीग कोसळला. हात कोपरापाशी मोडलाय. मी त्याला उचललं तेव्हा चड्डी ओली होती आणि तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता. नुसता दाराकडे बघत होता.

त्याला घेऊन दवाखान्यात वहिनी गेली, मी वर्गाजवळ थांबले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ढोल तिथेच होता. मी त्याला खांद्याला धरून हलवला. "तू दाराबाहेर होतास?"

"हो."

"तो ओरडत होता ते ऐकलंस?"

"हो. मला म्हणत होता, बाईंना सांग. मग धाडकन आवाज आला."

"मग मेल्या, धावत का नाही आलास?"

ढोल रडायला लागला. "आलो होतो, बाई. भिंगरीच्या जागेवर बसलो होतो. भिंगरी आलीच नाही."

मी त्याचा खांदा सोडला. मघाशी गणित घेताना मी बघितलं होतं त्याला तिच्या जागेवर. जागा बदलली म्हणून ओरडलेसुद्धा होते.

बुधवार, २७

मोठ्या बाईंच्या खोलीत शिट्टीचे वडील उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ड्रायव्हर आहेत, आवाज असा की काच हलावी. पण ओरडले नाहीत. म्हणाले, "माझं पोरगं आत आहे हे बाहेर एकाला माहीत होतं, आणि वर्गात नाही हे दोन बाईंना दिसत होतं. मग कमी काय पडलं, एवढं मला सांगा."

मोठ्या बाईंनी आम्हाला एकेकीला विचारलं. "मूल दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं?" मी म्हटलं, हो. तिला विचारलं, तीही हो म्हणाली. तिला वाटलं होतं की तो माझ्या बाजूला असेल. "मग मान वळवून एकमेकींना विचारलं का नाही?" मी खिडकीकडे बघितलं. तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही.

निकाल असा की वर्ग दोघींनाही नाही. मंगळवारपासून नवीन बाई येतील. मी लांबच्या शाखेत जायचं, तिनं ग्रंथालय सांभाळायचं. म्हणजे हिच्यापायी माझी पहिली गेली. माझी! घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की हे आत येऊन उभे राहिले. म्हणाले, "एकदा बोलून टाक की गं तिच्याशी." मी म्हटलं, तुम्हीसुद्धा तिच्याच बाजूचे. त्यावर ते म्हणाले, "इथे बाजू कुठली, मला तर दोघी रडताना दिसता." मी रडत नव्हते.

शुक्रवार, २९

काही शिकवलं नाही. पोरं गप्प, आणि आता ती शांतता अंगावर येते. चांदण्या काढल्या होत्या मी यासाठी.

सोमवार, २

माझा वर्गातला शेवटचा दिवस. शिट्टी आला, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. पोरं लांबूनच बघत होती. त्याच्याशी कोण बोलतंय नि कोण नाही, याचा हिशेब त्यांचा त्यांनाही लागत नसेल आता.

भिंगरीही आली, जरा उतरलेली. दप्तर ठेवायच्या आत दोघांनी तिला हाका मारल्या.

मी ढोलला उभं केलं. फळ्यावरचा नियम दाखवला, आपल्यामुळे कुणाला लागलं तर त्याच्याजवळ जायचं. "जा, त्याला विचार हात दुखतो का." तो हलेना. भिंगरीकडे बघायला लागला.

"तिच्याकडे काय बघतोस? तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"मोठी कट्टी आहे, बाई."

"मग सोड ती!"

"ती सुटत नसते," तो अगदी समजुतीनं म्हणाला, जसं काही मलाच ठाऊक नाही. "तुमची कुठे सुटली?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. एवढा राग आला मला! कुणाचा ते मला त्या वेळी कळलं नाही, आत्ताही नीट सांगता येत नाही. मी तरातरा पलीकडे तिच्या टेबलापाशी गेले. मनाशी ठरवलं होतं की पोरांना दाखवण्यापुरतं काहीतरी साधं बोलायचं, खडू दे, डस्टर दे, असलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"त्या काकांना का पाठवलंस? मला स्वतः फोन करता येत नव्हता?"

ती उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. "पहाटेपासून करत होते. तू कट करत होतीस."

"खोटं बोलू नकोस."

"मग विचार दादाला! आई सारखी दाराकडे बघत होती. मीच काकांच्या हातापाया पडले, की तुम्ही तिला आणायला जा, मला बघून ती दार उघडायची नाही."

"उघडलं असतं!" मी ओरडले. पोरांसमोर, वर्गात, मी ओरडले. "एकदा येऊन तरी बघायचं होतंस. तू यायचं होतंस!"

"आईला सोडून येऊ?" ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि कुणीच मान वळवत नव्हतं.

मग माझा पदर ओढला गेला. भिंगरी सवयीनं उठून आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. तिनं मान वर केली आणि नेहमीच्या स्पष्ट आवाजात सांगितलं, "बाई, त्या म्हणाल्या, आईला सोडून येऊ?"

"ऐकलं मी," मी म्हटलं. "जा बाळ, खाली बस तू. ऐकलं."